शंभर टक्के निकालाचा छेद

प्रति,
मुंबईच्या उपनगरांतल्या पालिकेच्या आणि अनुदानित माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत स्टेशनबाहेरचा रस्ता फ्लेक्सनी भरून जातो. फुलांच्या चौकटीत मुलांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, खाली टक्के, वर शाळेचं नाव आणि सगळ्यात ठळक अक्षरांत एक ओळ: ‘यंदाही निकाल १०० टक्के’. भांडुप-विक्रोळीच्या पट्ट्यात मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं नववी-दहावीची वर्गशिक्षिका म्हणून. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या शाळेचाही असा फ्लेक्स लागायचा, आणि मुलांइतकाच आनंद मलाही व्हायचा. यंदा पहिल्यांदाच त्या फ्लेक्ससमोर मी नुसती वाटसरू म्हणून उभी राहिले आणि फोटो बघता बघता मनातल्या मनात दुसरीच नावं आठवू लागले. ती मुलं याच तुकडीत होती, याच बाकांवर बसली होती. त्यांचे फोटो तिथे नव्हते, कारण ती परीक्षेला बसेपर्यंत शाळेतच नव्हती.

हे पत्र त्यांच्याविषयी आहे. यात दोष दाखवला आहे, आणि त्या दोषात मी स्वतः सामील होते, हे आधीच सांगते.

गणिताची शिक्षिका आहे, म्हणून एक शाब्दिक उदाहरण घालते. समजा, नववीच्या एका तुकडीत जूनमध्ये ६० मुलं आहेत. वार्षिक परीक्षेत १२ नापास होतात. त्यातली चार पुन्हा नववीत बसतात, आठ जणांचे पालक दाखला घेऊन जातात. दहावीला गेलेल्या ४८ पैकी तिघांना सुरुवातीलाच सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेबाहेरून खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरायला सुचवलं जातं. उरली ४५. ही ४५ मुलं शाळेतर्फे बोर्डाला बसतात आणि सगळी पास होतात. निकाल शंभर टक्के. आता हाच निकाल जूनच्या ६० मुलांवर काढा: ७५ टक्के. अपूर्णांकाची किंमत वाढवायची तर अंश वाढवा किंवा छेद कमी करा, हे आपणच मुलांना शिकवतो. अंश वाढवायला वर्षभर वर्गात उभं राहावं लागतं. छेद एका दुपारी, ऑफिसात बसून, दाखल्याच्या पुस्तकात कमी करता येतो.

अशी एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एप्रिलचा शेवट होता. मुलाची आई पोळीभाजी केंद्रातलं काम अर्धवट टाकून आली होती. मनगटावर वाळलेली कणीक तशीच होती. मुलगा दाराशी, आत यायला तयार नव्हता. गणितात शंभरपैकी एकोणीस, विज्ञानात चोवीस. मी तिला खुर्ची दिली आणि समजावलं, “ताई, इथे ठेवलात तर पुन्हा नववीच करावी लागेल. त्यापेक्षा बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, त्याचं वर्ष वाचेल.” तिने विचारलं, “बाहेरून म्हणजे कुठून, बाई?” मी काहीतरी सांगितलं. क्लास लावा, घरी अभ्यास करून घ्या, असलं काहीतरी. डोंगरावरच्या एका खोलीत पाच माणसं राहतात हे मला माहीत होतं. अर्ज क्लार्कने आधीच लिहून ठेवला होता, फक्त तिची सही हवी होती. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. तिथे काय लिहू म्हणून क्लार्कने माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले, “पालकांच्या विनंतीवरून.”

तिने विनंती केलीच नव्हती. विनंती मी केली होती.

तो मुलगा पुढे फॉर्म भरून बसला की नाही, मला माहीत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याच्या नावासमोर शेवटच्या रकान्यात एक तारीख आहे, तेवढीच त्याची शाळेतली नोंद. त्या वर्षी आमचा निकाल उत्तम लागला, मला पुष्पगुच्छ मिळाला. त्यानंतरही काही वर्षं मी हेच केलं, आणि प्रत्येक वेळी ते मुलाच्या भल्याचंच आहे अशी स्वतःची समजूत घातली.

सर, मॅडम, आपल्यापैकी बहुतेकांना हे सगळं ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीत आपण त्याला ‘नववीची गाळणी’ म्हणतो. नववीचा पेपर शाळा काढते, शाळाच तपासते, निकालही शाळाच लावते, आणि बोर्ड त्यात डोकावत नाही. त्यामुळे दहावीत निकाल खाली ओढतील अशी वाटणारी मुलं तिथेच थांबवता येतात. हे कोणी दुष्टपणे करत नाही. दहावीचा निकाल घसरला की मुख्याध्यापकाला खुलासा द्यावा लागतो, मुख्याध्यापक विषयशिक्षकाला विचारतो, पालक शेजारच्या शाळेचा फ्लेक्स दाखवतात, आणि पुढच्या जूनमध्ये पट घटण्याची धास्ती लागते. पट घटला की पद जातं. सगळं दडपण वरून खाली येतं आणि शेवटी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरावर येऊन थांबतं, कारण त्याच्या खाली कोणी नाही.

या पटाविषयी एक गोष्ट मला फार खुपते. संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात हे आपण सगळे जाणतो. त्या आठवड्यात आपण किती धावपळ करतो! गैरहजर मुलाच्या घरी माणूस पाठवतो, डोंगर चढून जातो, आईबापांची समजूत काढतो, कारण त्या दिवशी त्याचं नाव पटावर असण्यावर कोणाच्या तरी नोकरीचा हिशेब अवलंबून असतो. तेच मूल एप्रिलमध्ये आपल्याला जड होतं. सप्टेंबरमध्ये ज्याला हाताला धरून आणलं, त्याच्या हातात सात महिन्यांनी दाखला देतो. मूल तेच असतं. मधल्या काळात फक्त आपली गरज बदललेली असते.

आता त्या मुलाच्या बाजूने पाहा. त्याचं वय साधारण चौदा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं हा कायदा स्पष्ट सांगतो. नववीत पाय ठेवला की ते संरक्षण गेलं. शाळेतलं दुपारचं जेवण पहिली ते आठवीपर्यंत, नववीत तेही बंद. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली; चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, पण चौदा ते अठरा वयातल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येतं. म्हणजे शाळेत टिकायला मदत करणाऱ्या गोष्टी एका बाजूने सुटतात, दुसऱ्या बाजूने कामाचा दरवाजा उघडतो, आणि हे सगळं एकाच वर्षी घडतं. नेमक्या त्याच वर्षी आपण गाळणी लावतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगासमोर निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी होती. ती बारा वर्षांची चौदा व्हायला आणि तिला हक्काचं रूप यायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. पंधराव्या वर्षाचं काय, याचं उत्तर अजून कायद्यात नाही. म्हणून ते उत्तर शाळेत असायला हवं.

खिचडीचं बघा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत बचत गटाच्या बायका पातेली घेऊन यायच्या आणि जिन्याखाली रांग लागायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी नववीची दोन-चार मुलं सवयीने त्या रांगेत उभी राहायची आणि तिथून उठवली जायची. एका वर्षी नववीतल्या एका मुलीचा भाऊ सहावीत होता. तो खिचडी डब्यात घ्यायचा, अर्धी खायचा आणि उरलेली झाकण लावून बहिणीला नेऊन द्यायचा. ती पाण्याच्या टाकीमागे उभी राहून खायची, कोणी पाहू नये म्हणून. सकाळी पाच वाजता पाणी भरून, धाकट्याला तयार करून, टेकडी उतरून आलेली मुलगी चौथ्या तासाला गणितात मान टाकायची आणि मी तिला रागवायचे. ती उपाशी असते हे मला दिवाळीनंतर कळलं.

निकालाच्या टक्क्यांविषयीही थोडं बोलू, कारण या आकड्याभोवती आपण सगळी शाळा फिरवतो. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत गुण काढून टाकले, तेव्हा तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. तीन वर्षांत मुलांची बुद्धी इतकी खाली आणि इतकी वर गेली, असं कोणीच म्हणणार नाही. बदलली ती गुण देण्याची पद्धत. ज्या आकड्याला एका परिपत्रकाने बारा टक्क्यांनी खाली आणता येतं आणि पुढच्या परिपत्रकाने अठरा टक्क्यांनी वर नेता येतं, त्याच्यासाठी आपण एकेका मुलाचं नाव पटावरून खोडतो.

आणि त्या २०२१ च्या निकालात एक गंमतीची नव्हे, विचार करण्याजोगी बाब होती. शंभरपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले गेले. आदल्या वर्षी नववीत कशीबशी पुढे ढकललेली, एरवी सतरा नंबरकडे वळवली गेली असती अशी आमची काही मुलं त्या वर्षी दहावी पास झाली. त्यातली एक मुलगी पुढे बारावी झाली, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला गेली. मला भेटायला आली तेव्हा पेढे घेऊन आली होती. तिला पाहताना मी एकच विचार करत होते: आणखी एक वर्ष आधी जन्मली असती तर हिचा दाखला मीच काढला असता.

“पण बाई, या मुलांना खरंच काही येत नाही,” असं आपण म्हणाल. मीही तेच म्हणत आले. खरं आहे, बरंच येत नसतं. आणि ते आपल्याच इलाख्यापुरतं नाही. मुलांना काय येतं याची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित ४३.३ टक्के मुलांनाच करता आलं. उपनगरातल्या वस्त्यांमध्ये चित्र फार वेगळं असेल असं मला माझ्या वर्गावरून तरी वाटत नाही. पण येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, हे मी फार उशिरा तपासायला लागले.

शेवटच्या सहा-सात वर्षांत मी जूनमध्ये नववीचं पुस्तक उघडण्याआधी फळ्यावर एकच गणित लिहायचे: तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश. वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं उत्तर द्यायची चार षष्ठांश. वर वर मिळवायचं, खाली खाली मिळवायचं. संचांचे छेद-संयोग आणि बहुपदी शिकायला बसलेल्या मुलांचं हे उत्तर. एका वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगा होता, संध्याकाळी वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहणारा. त्यानेही चार षष्ठांशच लिहिलं. मी त्याला विचारलं, “पाऊण किलो भेंडी आणि अर्धा किलो वांगी, पिशवीत किती वजन?” त्याने डोळेही न मिटता सांगितलं, “सव्वा किलो, बाई.” आणि भाव विचारला असता तर तोही सांगितला असता.

मी त्याला फळ्याजवळ बोलावलं. पाऊण म्हणजे किती पाव? तीन. अर्ध्यात किती पाव? दोन. मिळून? पाच पाव. पाच पाव म्हणजे? सव्वा. मग फळ्यावर तेच लिही. त्याने तीन चतुर्थांशाखाली दोन चतुर्थांश लिहिलं, बेरीज पाच चतुर्थांश केली आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, हे तर तेच आहे!” पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: आपल्या भाषेने व्यवहारी अपूर्णांकांना केवढी सुटसुटीत नावं देऊन ठेवली आहेत, आणि आपण ती वर्गाच्या दाराबाहेर ठेवून ‘सामायिक छेद’ शिकवतो. सेमी इंग्रजीच्या तुकडीत तर तेवढाही आधार उरत नाही. त्या मुलाला गणित येत होतं. त्याला येणारं गणित आणि आपण विचारलेलं गणित एकच आहे, हे त्याला आठ वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

त्या वर्षापासून जून-जुलैचे सहा आठवडे मी अपूर्णांक, भागाकार, ऋण संख्या आणि शेकडेवारी याच्यापलीकडे गेले नाही. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मला दोनदा विचारणाही झाली. पण त्या सहा आठवड्यांनी पुढे बीजगणिताच्या तासाला मागच्या बाकांवरून हात वर यायला लागले. सगळी मुलं पास झाली असं सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. एप्रिलमध्ये नापासांची यादी मात्र दरवर्षी थोडी आखूड होत गेली, आणि माझ्यासमोर दाखल्यासाठी बसलेल्या आयांची संख्याही.

आणखी एक वर्ग यात कायम भरडला जातो. ज्यांना अक्षरं उलटी दिसतात, आकडे जागा बदलतात, पाठ करूनही पेपरात उतरत नाही, अशी मुलं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र शीव, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत मिळतं. ते मिळालं की बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळांतल्या पालकांना ही वाट पाठ असते. आपल्या वस्तीतल्या पालकांना ती आपण सांगितली तरच कळते, आणि आपण सांगेपर्यंत मूल नववीत नापास झालेलं असतं.

आता थोडं शाळेतल्या जगण्याविषयी, कारण मूल फक्त गुणांसाठी शाळेत येत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने चालू होते तेव्हा या भागातल्या बापांना पाळीचं काम होतं, बोनस होता. आता तिथे मॉल आणि टॉवर आहेत, आणि त्याच घरांतली पुढची पिढी सुरक्षारक्षक, डिलिव्हरी, घरकाम यात आहे. अशा घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळा सोडायला शंभर कारणं असतात. शाळेत यायला कधी एकच असतं: कबड्डीच्या संघात कव्हरला खेळतो, सव्वीस जानेवारीला लेझीमच्या पहिल्या रांगेत असतो, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसायचं असतं, किंवा नुसती एक मैत्रीण शेजारी बसते. नववी-दहावीत आपण हीच कारणं आधी काढून घेतो. पी.टी.चा तास गणिताला, चित्रकलेचा तास विज्ञानाला, स्नेहसंमेलनात दहावीला बंदी, सहलीला बंदी. मीही पी.टी.चे तास मागून घेतले आहेत, आणि मैदानावरून धापा टाकत, नाखुशीने वर्गात येणारी पोरं पाहिली आहेत. त्यातला एक पोरगा पुढे शाळेत यायचाच बंद झाला. त्याच्या मित्राला विचारलं तर म्हणाला, “बाई, तो खेळायलाच यायचा.” मी त्या वाक्याचा अर्थ तेव्हा चुकीचा घेतला. आळशी आहे, असं समजले.

आपले काही आक्षेप मला ठाऊक आहेत. नववीतच थांबवलं नाही तर दहावीत नापासाचा शिक्का बसेल, असं आपण म्हणता. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच होते आणि त्याच वर्षी पुढे जाता येतं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीचा प्रवेश मिळतो. दहावीत नापास झालेल्या मुलासाठी आज दारं उघडी आहेत. नववीतून दाखला घेऊन गेलेल्या मुलासाठी ती दारं कुठे आहेत हे सांगायलाही कोणी नसतं. सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. कामाला लागलेल्या, शाळा सुटून वर्षं झालेल्या माणसासाठी ती फार मोलाची सोय आहे, आणि रात्रशाळाही आहेत. पण ती सोय परत येणाऱ्यासाठी आहे. आत बसलेल्याला बाहेर काढण्यासाठी तिचा वापर होतो, तिथे माझं भांडण आहे.

दुसरा आक्षेप: आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणाने मुलं कच्ची राहिली, आम्ही नववीत काय करणार? धोरणाबरोबर दरवर्षी मूल्यमापन करून उपचारात्मक शिकवणंही अपेक्षित होतं. ते आपण कागदावर केलं. आता २०२३ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आली आहे. मला भीती वाटते की हीच गाळणी आता आणखी एक वर्ष आधी लागेल. आठवीत कायदा मुलाला काढू देत नाही, पण सलग दोनदा त्याच बाकावर बसलेलं मूल स्वतःच उठून जातं, हे आपण नववीत पाहिलेलं आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लावाल तेव्हा त्याच फ्लेक्सवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, दोन वर्षांपूर्वी नववीत जूनमध्ये किती मुलं होती तेही लिहा. ६० पैकी ४५ असेल तर तसं लिहा. ज्या शाळेने ६० पैकी ५७ मुलं बोर्डाला बसवली आणि त्यातली पन्नास पास केली, तिचा निकाल जेमतेम ८८ टक्के दिसेल, पण तिने शंभर टक्केवाल्या शाळेपेक्षा पाच मुलं जास्त पार केलेली असतील. हा हिशेब एकदा लोकांसमोर मांडला की पालकांनाही कळेल. आपल्यातल्या एका शाळेने सुरुवात केली तर दुसरीला विचारणा होईल.

दाखला मागायला आलेल्या पालकाला ‘कारण’ स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हाताने लिहू द्या. लिहिता येत नसेल तर ते काय म्हणतात तेच शब्द उतरवून घ्या. त्या आईने लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, याचा मी अनेकदा विचार करते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आठवीतली जास्तीत जास्त मुलं बसवा. आठवीनंतरची गळती थांबावी म्हणूनच ती २००८ साली सुरू झाली, आणि वर्षाला बारा हजार रुपये, नववी ते बारावी, हे अशा घरात मुलाला शाळेत ठेवण्याइतके पैसे आहेत. चांगली मुलं बसवा आणि बाकीच्यांना सोडा, असं करू नका. कोण निवडलं जाईल ते आपल्याला आधी कळत नाही. नववीच्या खिचडीसाठी सरकारचा आदेश येईपर्यंत थांबायचं कारण नाही. पातेल्यात रोज थोडं उरतं हे आपण पाहतो. बचत गटाच्या ताईंशी बोला, माजी विद्यार्थ्यांशी बोला. आमच्या शाळेत चार माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक वर्ष नववीच्या दोन तुकड्यांना केळी आणि चणे दिले होते. पाचव्या तासाची हजेरी त्या वर्षी टिकली.

आणि पी.टी.चा तास मुलांना परत द्या.

मी निवृत्त आहे, घाटकोपरला राहते, तब्येत ठीक आहे. येत्या जूनमध्ये भांडुप ते कुर्ला या पट्ट्यातल्या ज्या शाळेला नववीच्या मुलांसाठी अपूर्णांकांचे सहा आठवडे हवे असतील, तिथे मी सकाळच्या सत्रात यायला तयार आहे. मानधन नको. एक फळा, खडू, आणि नापास होणार असं आपल्याला आत्ताच वाटत असलेल्या मुलांची यादी, एवढं द्या. ती यादी आपल्याकडे तयार असते हे मला माहीत आहे. मीही मेच्या सुट्टीतच करून ठेवायचे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका